पाचवे शील आणि एम. डी.ची पूड



दीक्षा घेतल्यानंतर आपल्या घरात जी पहिली गोष्ट येते ती म्हणजे त्रिसरण-पंचशील. पाचव्या शीलाचा अर्थ घरातील थोर माणसे लहानांना बहुधा एकाच वाक्यात सांगतात : दारू पिऊ नये. असे सांगण्यास कारणही तसेच आहे. दारूने आपल्या वस्त्यांतील किती संसार मोडले, किती पोरांची पुस्तके गुत्त्यावर गहाण पडली, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे घातली.

परंतु आज एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "मी दारूला शिवतही नाही." ते खरेही असते. त्याच्या तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. मात्र त्याच्या खिशात कागदाची किंवा प्लास्टिकची एक लहानशी पुडी असते व तीत पांढरट पूड असते. तिला कोणी एम. डी. म्हणतो, कोणी म्याव म्याव म्हणतो. हा मुलगा पाचवे शील पाळतो की मोडतो? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

१. शीलाचे शब्द काय सांगतात?

पाचव्या शीलात सुरा आणि मेरय हे दोन शब्द आहेत. ती त्या काळच्या मद्यांची नावे होत. त्यांच्याजोडीला मज्ज हा शब्द आहे. मज्ज म्हणजे मद आणणारी वस्तू. आणि या सर्वांच्या पुढे एक फार महत्त्वाचा शब्द आहे, तो म्हणजे पमादट्ठान. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. ठान म्हणजे स्थान. जी वस्तू घेतल्याने माणूस गाफील होतो, त्याला आपल्या करणीचे व तिच्या परिणामांचे भान राहत नाही, ती वस्तू वर्ज्य करावी असा या शीलाचा आशय आहे. वस्तू बाटलीत आहे की पुडीत आहे, ती पितात की नाकाने ओढतात, यावर शील अवलंबून नाही.

येथे कोणी म्हणेल, "दारूने भान जाते हे मान्य. पण या पुडीने उलट भान वाढते. झोप उडते, अंगात बळ येते, मन एकाग्र होते. मग तिला पमाद कसे म्हणायचे?" ही शंका टाळून चालणार नाही, कारण याच बोलण्याने तरुण मुले फसतात. कोणाला रात्रपाळी करायची असते, कोणाला परीक्षेसाठी जागायचे असते, कोणाला लग्नात किंवा मिरवणुकीत रात्रभर नाचायचे असते. मुलींना सांगितले जाते की याने अंग बारीक होते. "नशा नाही, ताकदीची पावडर आहे," असे म्हणून पहिली पुडी फुकट दिली जाते. म्हणून ही पूड काय आहे ते प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

२. ही पूड काय आहे?

एम. डी. म्हणजे मेफेड्रोन. हे झाडापासून मिळत नाही. ते रसायनांपासून कारखान्यात तयार करतात. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागांत खात नावाचे एक झुडूप आहे. त्याची ताजी पाने तेथील लोक तरतरीसाठी चघळतात. त्या पानांत कॅथिनोन नावाचे द्रव्य असते. मेफेड्रोन हे त्याच कुळातले, पण माणसाने बनवलेले द्रव्य होय. ते पहिल्यांदा १९२९ साली प्रयोगशाळेत तयार झाले व पुढे अनेक वर्षे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००० नंतरच्या दशकात युरोपात त्याची विक्री सुरू झाली. कायदा चुकवण्यासाठी पाकिटावर "झाडांचे खत" असे छापून ते विकले जाई. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या देशात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले.

बंदी आली तरी धंदा थांबला नाही. औषधे व रसायने बनवण्याची विद्या ज्यांना येते त्यांतील काही लोभी माणसे या धंद्यात शिरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ व दिल्ली येथे छापे घालून दीड हजार किलोंहून अधिक माल पकडला. म्हणजे हे विष दूरच्या देशातून येते असे समजू नये. ते आपल्याच जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीत तयार होते आणि आपल्याच नाक्यावर विकले जाते.

३. मेंदूत काय घडते?

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत. त्या एकमेकींना रसायनांच्या साहाय्याने निरोप देतात. यांपैकी डोपामिन नावाचे रसायन आवड, उत्साह व "हे पुन्हा करावे" ही ओढ निर्माण करते. भुकेल्याला भाकर मिळाली, मुलाने पहिले पाऊल टाकले, अडलेले गणित सुटले, की डोपामिन थोडे थोडे सुटते व काम होताच पेशी ते परत आत घेते. मेफेड्रोन दोन गोष्टी करते. ते डोपामिन व सेरोटोनिन ही रसायने एकदम बाहेर ढकलते आणि परत घेण्याची वाट अडवून धरते. त्यामुळे काहीही न मिळवता सर्व काही मिळाल्याचा आनंद होतो.

विहिरीचा दाखला घ्या. झरा जेवढे पाणी देतो तेवढेच उपसले तर विहीर वर्षभर पुरते. मोठा पंप लावून एका रात्रीत सारे पाणी काढले तर सकाळी तळाचा गाळ दिसतो. एम. डी. घेणाऱ्याची सकाळ अशीच असते. अंग गळून जाते, काही गोड लागत नाही, मन खिन्न होते, चिडचिड होते. ते दुःख घालवण्याचा सोपा उपाय म्हणून हात पुन्हा पुडीकडे जातो. शिवाय या पुडीचा अंमल फार थोडा वेळ, दोन-तीन तास टिकतो. त्यामुळे एका बैठकीतच पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटते. हळूहळू तेवढ्या मात्रेने काही होईनासे होते व मात्रा वाढत जाते. घरची भाकर, मुलाचे हसू, चांगले काम यांतला साधा आनंद फिका पडतो. यालाच व्यसन म्हणतात.

आता मघाच्या शंकेचे उत्तर देता येईल. ही पूड माणसाला जागे ठेवते, पण जागृत ठेवत नाही. जागृत माणसाला आपण काय करतो आहोत व त्याचे फळ काय येणार हे दिसत असते. दोन रात्री डोळा न लागलेल्या, हृदय धडधडत असलेल्या व पुढच्या पुडीवाचून दुसरे काही न सुचणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. त्याचे डोळे उघडे असतात एवढेच. दारूचा पमाद चार माणसांना दिसतो. याचा पमाद तरतरीच्या आड लपतो, म्हणून तो अधिक फसवा आहे.

४. सहा हानी

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास उपदेश केला आहे. त्यात व्यसनी पेयांपासून होणाऱ्या सहा हानी सांगितल्या आहेत : धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी दुबळी होणे. त्या या पुडीला एकेक करून लावून पाहू.

धन : एका ग्रॅमसाठी रोजंदारीवरील माणसाची काही दिवसांची मजुरी जाते. आधी पगार, मग उसनवारी, मग आईच्या कानातले, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे, असा क्रम लागतो. पैसे संपले की विकणारा म्हणतो, "चार पुड्या पोचव, एक तुला." अशा रीतीने घेणारा मुलगा विकणारा होतो.

कलह : झोप नाही, पोटात अन्न नाही, त्यात संशय. बायको कोणाशी बोलते, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, दाराबाहेर पोलीस उभे आहेत, असे भास होऊ लागतात. त्यातून शिवीगाळ व मारहाण होते.

रोग : नाडी व रक्तदाब वाढतो. छातीत धडधड होते, घाम सुटतो, दात करकरतात, जबडा आखडतो. नाकाने ओढल्याने नाकाची आतली त्वचा जळते व रक्त येते. हातापायांची बोटे गार व निळसर पडतात. भूक मरते व वजन झपाट्याने उतरते. शरीराची उष्णता फार वाढली तर झटके येतात, हृदय बंद पडते व मृत्यूही येतो. दारू किंवा दुसऱ्या नशेबरोबर घेतल्यास धोका आणखी वाढतो. सुईने टोचून घेणाऱ्यांत एकमेकांची सुई वापरल्यामुळे एच.आय.व्ही. व हिपॅटायटिस सी पसरतात. पुडीत भेसळ काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अपकीर्ती आणि लाज : जो मुलगा विहारात वंदना घेत होता तो चोरी करताना पकडला जातो. नशेच्या भरात शरीरसंबंधाबद्दलचा विवेक सुटतो व नको ते घडते. मुलींचे तर या अवस्थेत दुसरे लोक शोषण करतात. त्यावेळी दोष शोषण करणाऱ्यांचा असतो, मुलीचा नव्हे, हे घराने विसरू नये.

बुद्धी : लक्ष टिकत नाही, आठवण कमी होते, निर्णय चुकतात. काहींना आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात. ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर डोके वर काढले, त्याच्या तरुणाची बुद्धीच हिरावली गेली तर बाकी काय उरले?

५. बौद्ध देशांचा अनुभव

उत्तेजक द्रव्यांचे संकट आपल्यावरच आले असे नाही. मेथाम्फेटामिन हे याच प्रकारचे व अधिक वेळ टिकणारे द्रव्य आहे. ते जपानच्या नागाई नागायोशी या शास्त्रज्ञाने १८९३ साली प्रथम तयार केले. १९४१ पासून ते जपानात फिलोपॉन या नावाने औषध म्हणून विकले गेले. महायुद्धाच्या काळात सैनिकांना व कारखान्यांतील कामगारांना थकवा जाणवू नये म्हणून ते देत. युद्ध हरल्यावर साठे बाजारात आले व उपाशी, निराश तरुणांत त्याची साथ पसरली. १९५१ मध्ये कडक कायदा करावा लागला. तरी १९५४ या एका वर्षात ५५ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. माणसाला अधिक राबवण्यासाठी दिलेल्या वस्तूने माणूसच कामातून गेला.

थायलंडमध्ये हेच द्रव्य कॅफिनमध्ये मिसळून गोळ्यांच्या रूपाने विकतात. ट्रकचालक व मजूर लांब पल्ल्याच्या कष्टासाठी त्या घेत. पूर्वी त्यांना 'या मा' म्हणजे घोड्याचे औषध म्हणत. १९९६ मध्ये सरकारने नाव बदलून 'या बा' म्हणजे वेडाचे औषध असे केले. २००३ मध्ये तेथील सरकारने अंमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारले. तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांतील कित्येकांचा या धंद्याशी संबंधच नव्हता, असे पुढे चौकशीत दिसून आले. गोळ्या मात्र आजही मिळतात.

त्याच देशात दुसरा मार्गही आहे. साराबुरी प्रांतातील थम क्राबोक या विहारात भिक्खू १९५९ पासून व्यसनी माणसांवर उपचार करीत आले आहेत. या कार्यासाठी विहाराचे प्रमुख फ्रा चामरून पार्नचंद यांना १९७५ चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले. येणारा माणूस प्रथम सर्वांसमक्ष व्यसन सोडण्याची प्रतिज्ञा घेतो. तिला ते 'सच्च' या शब्दावरूनच आलेले नाव देतात. तेथील ओकारीचा काढा वगैरे उपाय घरी करून पाहण्याचे नाहीत. घेण्यासारखी गोष्ट ही की, तेथे व्यसनी माणसाला तुच्छ लेखत नाहीत व त्याची प्रतिज्ञा एकट्याची राहू देत नाहीत.

६. कायदा काय सांगतो?

अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्याखाली मेफेड्रोनचे सेवन हाही गुन्हा आहे. जवळ बाळगल्यास २ ग्रॅमपर्यंत एक वर्षापर्यंत कैद. त्याहून अधिक व ५० ग्रॅमहून कमी असल्यास दहा वर्षांपर्यंत. आणि ५० ग्रॅमच्या पुढे गेल्यास किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड. अशा मोठ्या प्रकरणांत जामीन मिळणे फार कठीण असते. "पुडी माझी नव्हती, मित्राने ठेवायला दिली," एवढ्याने सुटका होत नाही. म्हणून कोणाचेही पाकीट सांभाळू नये, पोचवू नये, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मोठा व्यापारी बहुधा पडद्याआड राहतो. माल हातात घेऊन नाक्यावर उभा असतो तो गरिबाचा मुलगा.

याच कायद्यात एक दिलासा देणारी तरतूदही आहे. कलम ६४-अ प्रमाणे, केवळ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी अथवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल व ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. याची माहिती आपल्या लोकांना फारशी नसते. ती प्रत्येक विहारात सांगितली पाहिजे.

७. घराने काय करावे?

पहिली गोष्ट, लपवू नये. "लोक काय म्हणतील" या भीतीने घरे वर्ष-दोन वर्षे गप्प बसतात व तोवर मुलगा हातचा जातो.

दुसरी गोष्ट, मारू नये, कोंडू नये व अंगारा-गंडादोऱ्याच्या मागे लागू नये. आपण ज्या वाटा सोडून आलो त्यांवर संकटाच्या वेळी परत जाणे बरे नव्हे. व्यसन हा मेंदूचा आजार आहे. त्याला डॉक्टर हवा. जेथे साखळीने बांधतात, मारतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, असे केंद्र व्यसनमुक्तीचे असले तरी तेथे ठेवू नये.

तिसरी गोष्ट, उपचाराची योग्य कल्पना असावी. या व्यसनावर एक गोळी दिली की सुटले, असे औषध नाही. नियमित समुपदेशन, झोप व आहार पूर्ववत होणे, जुनी संगत तोडणे आणि महिनोन् महिने पाठीशी उभी राहणारी माणसे, यांनीच ते सुटते. पुडी बंद झाल्यावर पहिले काही दिवस रोगी खूप झोपतो, खूप खातो व फार उदास होतो. आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नये. एखाद्या वेळी पाय घसरला तर "तू कधी सुधारणार नाहीस" असे न म्हणता त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.

चौथी गोष्ट, छातीत दुखणे, अंग तापणे, झटके येणे किंवा बेशुद्धी असल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोवर ओल्या फडक्याने अंग थंड करीत राहावे व डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ व मनाच्या आजारासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहेत. गर्दची लाट आली होती तेव्हा १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. तेथून असंख्य माणसे सावरून घरी गेली. म्हणजे सुटका शक्य आहे.

विहाराचेही काम आहे. रविवारच्या वंदनेनंतर तरुणांना बसवून या विषयावर मोकळेपणाने बोलावे. त्यांना खेळ, वाचनालय, अभ्यासिका द्यावी. रिकाम्या नाक्यावर पुडीवाला पोचतो, भरलेल्या अभ्यासिकेत पोचत नाही. उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला पुढच्या वंदनेत सर्वांबरोबर बसवावे. त्याने पुन्हा पंचशील ग्रहण करावे व आपण त्याच्याबरोबर म्हणावे. शील ही एकदा मोडली की फेकून द्यायची वस्तू नव्हे. ते पुन्हा ग्रहण करता येते, म्हणूनच आपण ते रोज ग्रहण करतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. पाचव्या शीलातील पमाद या शब्दाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
२. जागे राहणे व जागृत असणे यांत फरक काय?
३. सहा हानींपैकी कोणत्या आपल्या वस्तीत दिसतात? त्यांवर आपण मिळून काय करू शकू?
४. उद्या आपल्या घरातील कोणी "मी ही पूड घेतो" असे कबूल केले, तर त्याला आपले पहिले वाक्य काय असेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांनी आजच ठरवून ठेवावे. आणि ते असे असावे की ते ऐकून मुलगा घराबाहेर न जाता घरातच थांबेल.